कोरे झालेले बिल

सुलतानपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझे छोटेसे दुकान आहे. एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर, एक लॅपटॉप, भिंतीला टेकवलेले लाकडी बाकडे आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, मुलांची हॉल तिकिटे, सातबारा, पीक विमा, अशी कामे मी करते. गावातल्या बायाबापड्यांना लोणारला किंवा मेहकरला जाण्याचा हेलपाटा वाचतो आणि माझ्या दोन मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. मिस्टरांचे काम बाहेरगावी असते, म्हणून दुकान सर्वस्वी माझ्याच अंगावर आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये जुना संगणक पार थकला, म्हणून नवीन लॅपटॉप घ्यायचे ठरवले. भिशीचे वीस हजार आले होते. बाकीच्या साडेसोळा हजारांसाठी अम्मीने दिलेली एक बांगडी मोडली. अकोल्याच्या मोठ्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, एक वर्ष वॉरंटी आहे. काही झालं तर कंपनी बसली आहे." त्याने यंत्रातून फाडून दिलेले गुळगुळीत कागदाचे लांबट बिल मी जपून खोक्यात ठेवले आणि खोके लोखंडी कपाटावर ठेवून दिले.

पहिला बिघाड एप्रिल २०२३ मध्ये झाला. चार्जर लावला तरी बॅटरी भरेना. मध्येच पडदा काळा व्हायचा. कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर आधी अर्धा तास गाणे ऐकवले, मग एका मुलीने सांगितले की आमच्या पिनकोडवर इंजिनिअर घरी येत नाही, सर्व्हिस सेंटर अकोल्याला आहे, तिथे घेऊन जा. रमजानचे दिवस होते. सहरी करून, फजर पढून सकाळची एस.टी. धरली. मेहकरला गाडी बदलली. महिलांना निम्मे तिकीट नुकतेच सुरू झाले होते, तेवढाच दिलासा. अकोल्याचे एप्रिलचे ऊन आणि तोंडात रोजा. सेंटरमधल्या पोराने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला, एका रजिस्टरवर माझी सही घेतली आणि म्हणाला, "फोन येईल." नऊ दिवसांनी फोन आला. पुन्हा गेले. लॅपटॉप चालू होता. काय बिघडले होते, काय बदलले, काहीच सांगितले नाही. मी विचारले नाही आणि कागदही मागितला नाही. ईद दोन दिवसांवर आली होती, शीरखुर्म्याचे सामान घ्यायचे होते. चालू झाला ना, अल्हम्दुलिल्लाह, असे म्हणून मी घरी आले.

त्या वर्षीच्या खरिपात सरकारने एक रुपयात पीक विमा सुरू केला. शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा आणि अर्जामागे चाळीस रुपये केंद्रचालकाला विमा कंपनीकडून मिळायचे. आमच्या भागात सोयाबीन, तूर, कापूस. जुलै महिनाभर दुकानासमोर रांग होती. शेवटची तारीख ३१ जुलै. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, म्हणून मी लोकांकडून आधार कार्ड, पासबुक, सातबारा आणि पीकपेऱ्याचे घोषणापत्र घेऊन ठेवायची आणि रात्री जागून अर्ज भरायची. कोणाचा भरला, कोणाचा राहिला, याची यादी लॅपटॉपमध्येच एका फाइलमध्ये करत होते.

२९ जुलैला, शनिवारी, मोहरमची सुट्टी होती. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळलाच नाही. बटण दाबून ठेवले, चार्जर काढून लावला, पंख्याखाली थंड केला. काही उपयोग झाला नाही. माझ्यापुढे त्रेचाळीस जणांच्या कागदांची पिशवी होती आणि यादी त्या बंद डब्यात.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका केंद्रचालकाकडे जाऊन बसले. आता मुदत संपते की काय, या धास्तीने हात चालत नव्हते. मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली, म्हणून निभावले. तीन रात्री त्यांच्या संगणकावर अर्ज भरले. ज्यांच्या पावत्या छापून झाल्या होत्या त्यांचे कागद एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. माझ्या अंदाजाने सगळे झाले होते. पण तो अंदाजच होता.

ऑगस्टमध्ये पुन्हा कंपनीला फोन लावला. या वेळी उत्तर आले, "तुमची वॉरंटी संपली आहे." मी म्हटले, घेऊन आठ महिनेच झालेत. तर म्हणे, आमच्या नोंदीत तारीख जुनी दिसते, बिल पाठवा. कपाटावरचे खोके काढले. बिल उघडले आणि डोक्याला हात लावला. कागद कोरा होता. पत्र्याखालच्या खोलीत, विदर्भाच्या उन्हाळ्यात, लोखंडी कपाटावर ते बिल पार पुसले गेले होते. अशा गुळगुळीत कागदावर शाई नसते. यंत्राच्या उष्णतेने त्याच्यावरचा थर काळा होतो आणि तीच अक्षरे दिसतात. पुढे ऊन, उष्णता आणि दिवस लागले की ती फिकट होत जातात. माझ्या घरात झेरॉक्सचे मशीन. दिवसाला शे-दोनशे कागदांच्या प्रती मी काढते. पण स्वतःच्या बिलाची प्रत काढायचे मला सुचले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नशिबाने पैसे बँकेतून गेले होते. पासबुकातली नोंद दाखवून दुकानदाराकडून दुसरे बिल काढून घेतले, त्यासाठी एक फेरी गेली. सेंटरवर लॅपटॉप दिला, तर त्यांनी आधी सांगितले की आत ओल गेली आहे, हे वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, १७,४०० रुपये. मी म्हटले, "एप्रिलमध्ये तुम्हीच उघडून दुरुस्त केला होता ना? तेव्हा ओल नव्हती का?" काउंटरवरच्या माणसाने संगणकात पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, एप्रिलची तुमची काही नोंद नाही. तुमच्याकडे कागद आहे का?"

कागद नव्हता. मी आरडाओरडा केला, डोळ्यांत पाणीही आले. लोक बघत होते. लॅपटॉप पिशवीत घालून परत आले. वाटेत मनात एकच घोळत होते, एवढी मोठी कंपनी आणि साधी नोंद ठेवत नाही! गरिबाचे पैसे घेताना बरोबर मोजून घेतात.

त्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीनने माना टाकल्या. सप्टेंबरमध्ये एके दिवशी दुपारी गावातले एक वयस्क शेतकरी दुकानात आले. दोन एकर सोयाबीन, तेवढीच त्यांची शेती. पासबुक पुढे करून म्हणाले, "पोरी, विम्याचं काही आलं का, पाह्य बरं."

मी पोर्टलवर शोधले. त्यांच्या नावाने अर्जच नव्हता. पुन्हा शोधले. मग कागदांचा गठ्ठा काढला. 'झालेल्या' गठ्ठ्यात, अगदी खाली, दुसऱ्याच कोणाच्या सातबाऱ्याला चिकटून त्यांचे कागद होते.

मला सांगता येईना. सर्व्हरमुळे राहिले असेल, असे म्हणता आले असते. दुकानात हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. त्यांनी ते मानलेही असते. पण जीभ वळली नाही. मी म्हटले, "बाबा, तुमचा अर्ज भरायचा राहून गेला. चूक माझी आहे."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग रागावून नाही, नवल वाटल्यासारखे म्हणाले, "मी तं तुह्याजवळ कागदं देल्ले होते. तू लिहून ठेवलं नाही काय?"

अकोल्याच्या काउंटरवर मी जे ओरडून विचारले होते, तेच हे बाबा मला हळू आवाजात विचारत होते. मी दोन हजार रुपये पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला. "पैशाचं राहू दे. पुढच्या साली पावती देजो," एवढे म्हणून उठून गेले. त्यांच्या शेताला किती मिळाले असते, मिळाले असते की नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्यांचा हक्क माझ्या दुकानात हरवला, हे खरे.

त्या रात्री मला अब्बांची आठवण आली. अब्बा लोणार, मेहकर, सुलतानपूरच्या आठवडी बाजारात कापड विकायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण एक लाल पुठ्ठ्याची वही कायम सोबत. कोणाला किती उधार, कोणाचे किती कापड परत आले, सगळे तिच्यात. थानात कुठे धागा तुटला असेल तर गिऱ्हाइकाने पाहण्याआधी स्वतः बोट ठेवून दाखवायचे. मालात दोष असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल तर त्याला तो परत करण्याचा हक्क आहे, हे आपल्या शरीअतीत फार पूर्वीपासून सांगितलेले आहे, असे ते म्हणत. त्यासाठी कोणा कंपनीच्या छापील कार्डाची गरज नाही.

अब्बा आणखी एक गोष्ट सांगत. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कोणती, ठाऊक आहे? सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी. ती देण्याघेण्याची नोंद करण्याबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा आळस करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या सौद्याला मात्र लिहिण्यातून सूट आहे.

ही आयत मी किती वेळा तिलावत केली असेल! पण त्या रात्री प्रथमच लक्षात आले की लॅपटॉपचा सौदा मी हातोहातचा समजले होते. पैसे दिले, डबा घेतला, संपले. प्रत्यक्षात वॉरंटी म्हणजे वर्षभराच्या मुदतीचे वचन होते. बाबांनी माझ्या हातात कागद ठेवले, तेही मुदतीचेच काम होते. दोन्ही ठिकाणी काही लिहिले गेले नाही आणि दोन्ही ठिकाणी ज्याचा हक्क होता तो रिकाम्या हाताने उभा राहिला. माझ्याकडे वही नव्हती म्हणून कंपनीचा दोष कमी होत नाही. दुरुस्तीची नोंद ठेवणे आणि गिऱ्हाइकाला तिची प्रत देणे हे त्यांचे काम होते. पण मागणारी मी होते आणि मी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन वह्या आणल्या. एक दुकानासाठी, एक लॅपटॉपसाठी. दुसऱ्या वहीत आठवेल तेवढे सगळे तारखेनिशी लिहिले: कधी घेतला, कधी बंद पडला, अकोल्याच्या फेऱ्या, एस.टी.ची तिकिटे, फोनवर मिळालेले तक्रार क्रमांक. एप्रिलमध्ये सेंटरवरून आलेला फोन आणि 'लॅपटॉप तयार आहे' असा एक संदेश माझ्या मोबाइलमध्ये अजून होता. तोच माझा साक्षीदार ठरला.

पुण्यात संगणकाचे शिक्षण घेणारा माझा भाचा तेव्हा सुट्टीला आला होता. माझी वही पाहून त्याने एक किस्सा सांगितला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. मूळ संख्यांच्या जोड्यांवर त्यांचे काम चालले होते. पेन्टियम चिप असलेल्या नव्या संगणकाची उत्तरे जुळेनात. त्यांनी आधी स्वतःच्या प्रोग्रामवर शंका घेतली, मग यंत्राच्या इतर भागांवर. कित्येक महिने एकेक कारण तपासून बाजूला केले. शेवटी उरली ती चिप. भागाकार करतानाच ती चुकत होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी इंटेल कंपनीला कळवले आणि ३० तारखेला इतर जाणकारांना ई-मेलने लिहून कळवले. कंपनीचे सुरुवातीचे म्हणणे असे की सामान्य माणसाला याचा त्रास होणार नाही, ज्याला खरोखर गरज आहे त्यालाच चिप बदलून देऊ. पण लिहिलेली गोष्ट पसरली होती. २० डिसेंबरला कंपनीने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले आणि या प्रकरणात तिने साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा खर्च धरला. भाचा म्हणाला, "खाला, त्या प्राध्यापकाकडे तारखा आणि तपासण्या होत्या. नुसते 'तुमचा माल खराब आहे' म्हटले असते तर कोणी ऐकले नसते."

ऑक्टोबरमध्ये मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. हा नंबर सरकारी आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला. सोबत कंपनीला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठवले. एक पान, साधी भाषा, तारखा आणि शेवटी एवढेच की पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती न झाल्यास बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

याची माहिती काढली तेव्हा समजले की कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तिथून आपल्याकडची ही चळवळ वाढली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, आपल्याला तिकडे जायचे नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. मालातला दोष आणि सेवेतली कसूर, दोन्हींसाठी दाद मागता येते. अर्ज घरबसल्या ऑनलाइनही करता येतो. २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे.

आयोगाकडे जायची वेळ आली नाही. पत्र पोचल्यानंतर अकराव्या दिवशी कंपनीचा फोन आला, या वेळी गाणे न ऐकवता. नोव्हेंबरमध्ये मदरबोर्ड विनामूल्य बदलून मिळाला. ओलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मी काउंटरवरच थांबून दुरुस्तीचा कागद लिहून घेतला आणि गावी आल्यावर पहिले काम त्याची झेरॉक्स काढण्याचे केले. चार महिने जे काम बुडाले, जे हेलपाटे झाले, त्याचे काही मिळाले नाही. ती लढाई मी पुढे नेली नाही. थकले होते, हेही खरे.

पुढच्या उन्हाळ्यात, वॉरंटी संपल्यावर, तेच दुखणे पुन्हा आले. या वेळी मेहकरच्या एका छोट्या दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने भिंगाखाली धरून मला दाखवले. चार्जरची पिन जिथे बसते तिथला टाका सुटला होता. गरम होणे, थंड होणे आणि रोजची ओढाताण यांनी तो तडकतो. त्याने तो नव्याने जोडला. साडेचारशे रुपये घेतले आणि पंख्यातली धूळही काढून दिली. लॅपटॉप आजही चालतो आहे. पहिल्यापासून बिघाड एवढाच होता की नाही, कोण जाणे. पण कंपनीची माणसे अशा वेळी टाका पाहत नाहीत, अख्खा बोर्डच बदला म्हणतात. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, एक पोर्टलही सुरू केले. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्तीला किती सोपा आहे, याचे दहापैकी गुण पाटीवर लिहावे लागतात. आपल्याकडेही असे झाले तर मेहकरच्या त्या मुलासारख्या कारागिरांना बरकत येईल.

बहिणींनो, आता घराघरांत मोबाइल, लॅपटॉप, मिक्सर, फ्रीज येत आहेत आणि बरेचदा ते आपल्याच बचतीतून येतात. म्हणून अनुभवाचे चार शब्द. बिल मिळाले की त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो घ्या. वस्तूचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. दुरुस्तीला देताना तारीख, बिघाड, वस्तूची स्थिती आणि सोबत काय काय दिले, हे लिहिलेला कागद घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. फोनवर बोललात तर तेच ई-मेलने लिहून पाठवा. लॅपटॉपमधली कामाची माहिती पेन ड्राइव्हवर ठेवा आणि दुसऱ्यांची आधार कार्डे, पासबुके त्यात असतील तर दुरुस्तीला देण्यापूर्वी काढून घ्या. चालूच होत नसेल तर तसे त्या कागदावर लिहून घ्या. ती लोकांची अमानत आहे.

२०२४ च्या खरिपात ते बाबा पुन्हा आले. मी त्यांचे नाव वहीत लिहिले, कागद मोजून घेतले, त्यांचा अंगठा घेतला आणि हाताने लिहिलेली पोच दिली. अर्ज भरल्यावर छापील पावतीही घरी नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे अक्षर उडत तं नाही ना?"

मी म्हटले, "नाही बाबा, ही शाईची आहे. आणि एक प्रत माझ्याकडे आहे."